विजेच्या शेगडीचा ठराव

ती शेगडी घरात आली तेव्हा वच्छला भाकरी करीत होती. तव्यावरून उतरवलेली ज्वारीची भाकर तिने गॅसच्या निळ्या जाळावर धरली, भाकर टम्म फुगली, आणि नेमक्या त्याच क्षणी अंगणातून तिच्या धाकट्या दिराचा, केशवचा, आवाज आला.

"वहिनी, हात धुवा जी! आता त्या सिलिंडरचे दिवस भरले!"

वच्छलेने हात धुतले नाहीत. पिठाच्या हातांनीच ती बाहेर आली. अंगणात सायकलरिक्षा उभी होती आणि तिच्यात, एखाद्या पाहुण्या अधिकाऱ्याला बसवावे तशी, एक पांढरीशुभ्र, भली थोरली वस्तू बसवलेली होती : वर दोन काळ्या लोखंडी तबकड्या, पुढे चार बटणे, पोटात झडपेची भट्टी. केशव हिंगण्याच्या ज्या कारखान्यात कामाला होता तेथे या शेगड्या बनत, आणि त्या वर्षी, म्हणजे त्र्याऐंशी साली, दसऱ्यानिमित्त निवडक कामगारांना एकेक शेगडी बक्षीस मिळाली होती. निवडकांत आपली निवड कशी झाली हे केशवने सांगितले नाही. आणि केशव जे सांगत नसे तेच ऐकण्याजोगे असे, हे वच्छलेला सतरा वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होते.

"धूर नाही, जाळ नाही, नंबर लावनं नाही," केशव शेगडीवरची धूळ रुमालाने पुसत म्हणाला. "बटन दाबलं का झालं. विलायतेत असंच रांधतात."

"तू विलायतेले कधी गेलता गा?" खाटेवर वर्तमानपत्र वाचीत बसलेल्या नानाजींनी विचारले. मग चष्मा कपाळावर चढवून त्यांनी खरा प्रश्न केला, "ठराव झाला का?"

वच्छलेचे सासरे नानाजी गिरणीतून निवृत्त झाले होते, परंतु विहार समितीच्या चिटणीसपदावरून त्यांना कोणीही निवृत्त करू शकले नव्हते, आणि घरही ते समितीप्रमाणेच चालवीत. याचा उगम त्यांच्या वडिलांत होता. धोंडबांनी उभा जन्म दुसऱ्यांच्या तोंडून सुटलेले हुकूम आपल्या पाठीवर वाहण्यात घालवला. छप्पन्न साली दीक्षा घेऊन इंदोऱ्यातल्या या घरी परतल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती ही, की थोरल्या मुलाकडून, म्हणजे नानाजींकडून, लाल कापडाची एक जाड वही आणवली आणि सांगितले : आपल्याले कधी कोनं विचारलं नाही. या घरात आता सगळ्यायले विचाराचं. वहीच्या पहिल्या पानावर चार नियम नानाजींच्या मोत्यासारख्या अक्षरात आहेत आणि त्यांच्याखाली धोंडबांचा अंगठा आहे. तेव्हापासून बकरी घेण्यापासून मुलीच्या स्थळापर्यंत या घरातली प्रत्येक गोष्ट सूचक, अनुमोदक आणि बहुमत यांच्या चाळणीतून गाळून निघाली होती. लग्न होऊन पुलगावला गेलेल्या वच्छलेच्या नणंदेचे, सिंधूताईंचे, मतही कायम होते, कारण अठ्ठावन्नच्या ठरावात स्पष्ट लिहिले होते की लेकीचे मत लग्नाने जात नाही.

"मांडतो ना ठराव," केशव म्हणाला. "येत्या रविवारी सभा बोलवा."

"एकसष्टचा ठराव ध्यानात आहे ना?"

"एक घर, एक चूल. आहे ना जी. म्हनूनच म्हनतो. हे येईन तर गॅस जाईन."

एकसष्ट साली नानाजींचा भाऊ भैय्याजी वेगळी चूल मांडायला निघाला तेव्हा घर फुटता फुटता राहिले होते. त्या जखमेवर बांधलेली पट्टी म्हणजे हा ठराव, आणि तो सोडण्याची कोणाची छाती नव्हती. विजेची शेगडी पाहिजे तर गॅस निघालाच पाहिजे.

वच्छला आत गेली. तव्यावर टाकून आलेली दुसरी भाकर करपली होती. सात वर्षांत प्रथमच.

त्या गॅसची हकीकत तिच्याशिवाय कोणाला पुरती माहीत नव्हती. त्याआधी दहा वर्षे तिने दगडी कोळशाच्या शेगडीवर स्वयंपाक केला होता. हिवाळ्यात धूर छातीत बसे आणि तिचा खोकला गल्लीच्या टोकाला ऐकू जाई. शहात्तर साली तिने, घरच्या सुनांपैकी प्रथम, उभे राहून ठराव मांडला. तीन वर्षांपूर्वीच गुपचूप नंबर लावून ठेवल्याचे त्याच सभेत कबूल केले. आणि मंजुरी मिळताच स्वतः जाऊन सिलिंडर आणले. पहिल्या दिवशी तो निळा जाळ पेटला तेव्हा ती उगाच पाच मिनिटे त्याच्याकडे बघत बसली होती. त्या हिवाळ्यात खोकला आला नाही. तो जाळ आता चार बटणांच्या बदल्यात घराबाहेर जाणार होता.

तोही दसऱ्याच्या तोंडावर! दसऱ्याला यवतमाळ-वर्ध्याकडची चाळीस माणसे तीन दिवस या घरी उतरत, दीक्षाभूमीला जाऊन येत, आणि त्यांच्या भाकरी वच्छला थापी. दीक्षाभूमी घरापासून सिटी बसने अर्ध्या तासावर. पण ऐन दसऱ्याच्या दिवशी सतरा वर्षांत ती एकदाही तेथे पोचली नव्हती. दरवर्षी निघताना सिंधूताई चपला घालीत विचारीत, "वहिनी, येता का?" आणि वच्छला म्हणे, "मंग भाकरी कोन टाकन?" तोवर सिंधूताईंच्या चपला पायांत चढलेल्याच असत.

दोन दिवसांनी रुपराव चहाला आले. हे केशवचे कारखान्यातले सुपरवायझर. मनीषनगरात नवे घर बांधून नुकतेच राहायला गेलेले. पांढरा बुशकोट, खिशाला दोन पेनं. चहा ओसरीवर ठेवलेला असताना हा मनुष्य हात धुण्याचे निमित्त करून थेट स्वयंपाकघरात शिरला आणि वच्छलेकडे बघून हसल्यासारखे करीत सिलिंडरावर बोटाच्या पेराने टकटक वाजवू लागला.

"वहिनी, भरून कधी आनलं हे?"

"बारा दिवस झाले. काहून?"

"नाही, सहज. शेगडीचे बर्नर पितळेचे आहेत वाटते? वा! आमच्या मंडळी फार त्रासल्या जी रॉकेलच्या वासानं. आमच्याकडं नंबर लागाले आनखी चार वर्षं आहेत." एवढे बोलून त्यांनी वितीने शेगडीची लांबी मोजली.

ज्याला आपल्या नव्या ओट्यावर शेगडी मावेल का हे पाहायचे असते तोच माणूस परक्याच्या शेगडीवर वीत टाकतो. निवडक कामगारांत केशवची निवड कशी झाली, हे वच्छलेला त्या एका वितीत कळले.

तिने आधी नवऱ्याला गाठले. मनोहरराव टपाल खात्यात होते आणि दुसऱ्याची पत्रे न उघडण्याची नोकरीतली सवय त्यांनी घरातही जपली होती.

"केशवनं आपला गॅस रुपरावले कबूल केला," ती म्हणाली.

"तुले कोनं सांगतलं?"

"त्याच्या हातानं."

"अवो, असं नुसत्या हातावरून... सभेत पाहू ना आपन. माझं मत तुलेच आहे."

"तुमचं एक, माझं एक. त्यायचे तीन. केशव, जया आन सिंधूताई."

"सिंधू काहून?"

"तिले गांधीबागेत नेऊन पांढरं लुगडं घेऊन देनार आहे भाऊजी. दुकानही ठरलं."

मनोहररावांनी हिशेबी चेहरा केला, पण तीनातून दोन वजा केल्यावर त्यांनाही एकच उरला. ते अंघोळीला गेले.

तेव्हा वच्छलेने दुसरी वाट धरली. दुपारी नानाजींजवळ जाऊन ती म्हणाली, "मामाजी, वही पाह्यजे होती जी. हरकत घ्याची आहे, तर जुने ठराव पाहून घेते."

नानाजींचा चेहरा उजळला. घरात इतक्या वर्षांत वही मागून वाचणारी ही पहिलीच सभासद. त्यांनी ती दोन्ही हातांनी काढून दिली आणि वर सल्लाही दिला, "अध्यक्ष या नात्यानं मी कोनाच्या बाजूचा नाही. पन सूनबाई, हरकत घेनाऱ्यानं पहिले नियम वाचावे, मंग ठराव."

विहाराच्या वर्गात शिकलेल्या तिच्या वाचनाला वेग नव्हता, पण एक अक्षर सुटत नसे. तिने नियम वाचले. चौथा नियम तिने दोनदा वाचला. मग शहात्तर सालचा आपला सत्तेचाळिसावा ठराव काढला, आणि त्याच्याखालचा खुलासा वाचता वाचता तिला असे हसू फुटले की तोंडात पदराचा बोळा धरावा लागला.

"काय झालं वं ताई?" दारात जया उभी होती. ही केशवची बायको. लग्नाला चार वर्षे झालेली, जिभेची तिखट, आणि नव्या शेगडीवर केक करण्याच्या विचाराने ती आल्यापासून हवेत असलेली.

वच्छलेने वही मिटली. "जया, एक सांग. गॅस कोनाले देनार म्हनते तुहा नवरा?"

"त्यायच्या कारखान्यातल्या एका गरीब विधवेले. मले तर बाई आयकूनच रडू आलं."

"विधवेले मिशी आहे का वं?"

मग वच्छलेने तिला टकटक सांगितली, वीत सांगितली, मनीषनगरचा नवा ओटा सांगितला. जयाच्या चेहऱ्यावर प्रथम अविश्वास, मग संशय आणि शेवटी असा शांतपणा आला की केशव तेथे असता तर त्याने घाबरून पाणी मागितले असते.

"बढती पाह्यजे म्हनून आपला गॅस देऊन राहिला, आन माह्या डोळ्यातून पानी काढलं," ती सावकाश म्हणाली. "मी आता उभी राहून विरोधात मत देते."

"देऊ नको," वच्छला म्हणाली. "बाजूनं दे."

"काहून?"

वच्छलेने वही पुन्हा उघडली आणि बोट ठेवले. जयाने वाचले. तिनेही पदराचा बोळा तोंडात धरला.

रविवारी चार वाजता सभा भरली. ओसरीवर सतरंजी, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली खुर्चीत नानाजी, मांडीवर वही. सिंधूताई आदल्या दिवशीच पुलगावहून आल्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांपुढे गांधीबागेतले ते लुगडे घडीसकट तरळत होते. सभेत बसले की नानाजींची भाषा बदले. खाटेवरचा म्हातारा जाई आणि चिटणीस येई.

"सभेपुढील विषय एकच," ते म्हणाले. "सूचक, श्री. केशव. बोला."

केशव बोलला, आणि चांगले बोलला. स्वच्छता सांगितली, वेळेची बचत सांगितली, सिलिंडर संपल्यावर होणारी तारांबळ सांगितली. शेवटी म्हणाला, "कोराडीले वीज बनते, घरापासून तीनचार कोसावर. तिचा फायदा नागपूरवाल्यानं नाही घ्यावा तर कोनं घ्यावा?"

"गिरनीच्या मांगं राहते त्याले धोतर फुकट भेटते काय?" मनोहरराव म्हणाले. आयुष्यात त्यांना सुचलेला हा पहिलाच टोला होता आणि ते स्वतःच त्याने दचकले. मग धीर करून पुढे गेले, "माझी हरकत आहे. विजेच्या शेगडीत जाळच नाही. म्हनजे ते चूल नव्हे. म्हनून दोन्ही ठेवता येते."

केशव गडबडला. नानाजींनी वहीत एकसष्टचे पान काढले आणि निर्णय दिला, "ज्यावर घरचे अन्न शिजते ती चूल, जाळ दिसतो की नाही हा प्रश्न गौण. एकसष्टचा ठराव चुलीच्या रंगासाठी केलेला नाही, घर फुटू नये म्हणून केलेला आहे. हरकत फेटाळली. अनुमोदक?"

केशवने जयाकडे पाहिले. परंतु जया उठण्याआधी वच्छला उठली.

"मी अनुमोदन देते."

मनोहरराव बायकोकडे अशा नजरेने पाहू लागले, जणू टपालात स्वतःच्याच नावाचे पत्र सापडले असावे. सर्वांत अधिक हादरल्या त्या सिंधूताई. त्यांच्या मताला भाव होता तो अटीतटीमुळे, आणि अटीतटी संपली तर लुगडे कोण घेणार?

"वहिनी, नीट इचार करा जी," त्या कळवळून म्हणाल्या. "घाई कायची आहे? थोडा विरोध तर करा!"

"नाही ताई. जमाना बदलला. मी कशाले आड येऊ? फक्त एक उपसूचना आहे." ती नानाजींकडे वळली. "पाहुने जाईपर्यंत सिलिंडर घराबाहेर जाऊ नये. कोठीच्या खोलीत कुलपात राहू द्या, किल्ली अध्यक्षांपाशी."

"मंजूर, मंजूर!" केशव आनंदाने ओरडला. आठवडाभराने काय बिघडत होते? रुपरावांना तेवढे सांगता येईल.

मते घेतली. पाचही हात वर. वहीत ठराव क्रमांक त्र्याण्णव नोंदला गेला : सूचक केशव, अनुमोदक सौ. वच्छला, एकमताने संमत. नानाजींनी शाई टिपली.

"मामाजी," वच्छला अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "चौथा नियम वाचून दाखवा ना जी. नवीन ठराव आहे, गफलत नको."

नानाजींनी पहिले पान उलटले. "नियम चौथा. सूचना संमत झाल्यास ती पार पाडण्याचा भार सूचकावर राहील. बोलणारा एक आणि राबणारा दुसरा, हे या घरात चालणार नाही."

"ते तर आहेच," केशव म्हणाला. "तार ओढली, जाड प्लग बसवला. भार उचलला ना मी."

"सत्तेचाळिसाव्या ठरावाखालचा खुलासाही वाचा ना जी."

नानाजी वाचू लागले, आणि वाचता वाचता त्यांच्या मिशीचे एक टोक हलू लागले. "सत्तेचाळिसावा ठराव, गॅस आणण्याबाबत. सूचक, सौ. वच्छला. खुलासा : सूचकाचा भार म्हणजे केवळ गॅस आणणे, की त्यावर नित्याचा स्वयंपाक करणेही? अध्यक्षांचा निर्णय : चूल बदलण्याची सूचना मांडणाऱ्याने त्या चुलीवर रांधणे, हाच भार. सबब घरचा नित्याचा स्वयंपाक यापुढे सौ. वच्छला पाहतील. हा खुलासा..." ते थांबले, चष्मा पुसला. "हा खुलासा चि. केशव यांनी मागितला होता."

केशवला तो दिवस आठवला. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. आईने, रुखमाबाईंनी, नव्या गॅसवर चहा कर म्हणून सांगितले होते आणि त्या एका चहातून सुटण्यासाठी त्याने हा मुद्दा उपस्थित केला होता. तोवर सासूसुना पाळीने रांधीत. त्या दिवसापासून पाळी संपली. रुखमाबाई गेल्या, जया आली, तिने हातभार लावला. पण वहीत नाव एकटीचे राहिले.

"पन मले भाकर थापता येत नाही!"

"शिकता येते जी," जया म्हणाली. "बटन दाबलं का झालं."

"मले ड्युटी आहे!"

"दसऱ्याची तीन दिवसांची सुट्टी टाकली ना तुमी? शुक्रवारपासून. पाहुने शुक्रवारीच येते."

"ठराव मांग घेतो मी!"

नानाजींनी वही मिटली. "मत झाल्यावर ठराव मागे घेता येत नाही," चिटणीस म्हणाला, आणि मग खाटेवरचा म्हातारा त्याच्या आडून डोकावला, "माहे बाबा धोंडबा असते तर लय हसले असते गा."

शुक्रवारी पाहुणे आले. चाळीस यायचे ते त्रेचाळीस आले. जय भीम, जय भीम होऊन, पाय धुऊन, सतरंज्यांवर टेकून त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिले तर तेथे केशव बनियनवर, कमरेला टॉवेल गुंडाळून, परातीपुढे बसलेला.

विजेच्या शेगडीचा स्वभाव लवकरच ध्यानात आला. ती तापायला इतका वेळ घेई की पीठ मळणाऱ्याला झोप लागावी, आणि एकदा तापली म्हणजे बटण बंद केल्यावरही अर्धा तास राग सोडीत नसे. तव्यावर भाकर भाजे, पण शेकायला जाळ नाही. आणि जाळावाचून ज्वारीची भाकर फुगत नाही, ही गोष्ट कारखान्यात कोणी लक्षात घेतली नव्हती. दोन्ही तबकड्या आणि भट्टी एकदम लावली की फ्यूज उडे. पहिल्यांदा पाहुण्यांनी हळहळ केली. चौथ्यांदा मोजू लागले.

तुळसाबाई म्हणून एक सत्तरीची म्हातारी दरवर्षी येई. तिने पानातली भाकर उचलून उजेडात धरली.

"हे भाकर आहे का जिल्ह्याचा नकाशा आहे गा? हे पाह्य, हे आमचं दारव्हा."

"आजी, खाऊन तर पाहा."

"दात असते तर हिंमत केली असती बावा."

शेवटी पाहुण्यांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या. पाहुण्याने यजमानाच्या घरी शिदोरी सोडावी यापरता अपमान नाही. नानाजींनी मान खाली घातली. वच्छला पंक्तीत बसली होती. सतरा वर्षांत ती पहिल्यांदा या दिवशी पंक्तीत बसली होती, आणि खरे सांगायचे तर तिचे हात वळवळत होते. दोनदा ती अर्धवट उठली; दोन्ही वेळा जयाने तिच्या लुगड्याचा काठ धरून तिला खाली बसवले.

"बसा ताई. आजचा दिवस बसा."

शनिवारी सकाळी फ्यूज सातव्यांदा उडाला, आणि त्याच मुहूर्तावर रुपराव हातगाडी घेऊन दारात आले. आठवडाभर थांबा, हा निरोप त्यांना मिळाला होता. पण मंडळींनी ओटा पुसून ठेवला होता.

"केशवराव!" ते पाहुण्यांतून वाट काढत आत आले. "सिलिंडर न्याले आलो जी. तुमच्या बढतीचा कागद वर गेला म्हना..." एवढ्यात त्यांना केशव दिसला. केसांत पीठ, कोपरापर्यंत पीठ, डोळे लाल.

"कोन्ता सिलिंडर?" नानाजी दारात येऊन उभे राहिले. "कोन्त्या ठरावानं?"

रुपरावांनी केशवकडे पाहिले, केशवने तव्याकडे. मागून सिंधूताईंचा आवाज आला, "म्हनजे मिशीवाली विधवा हेच काय वं जया?" त्रेचाळीस पाहुण्यांत ही गोष्ट कशी पोचली होती कोण जाणे, पण सगळी ओसरी हसली. रुपराव हातगाडीवाल्याला परत पाठवायला म्हणून बाहेर गेले ते हातगाडीबरोबरच गेले.

हसू ओसरल्यावर भूक उरली. दहा वाजून गेले होते. त्रेचाळीस माणसांची पंगत अजून बसायची होती.

"नानाजी," केशव उभा राहिला, "तातडीची सभा बोलवा. गॅस परत लावू."

सभा स्वयंपाकघरातच, उभ्या उभ्या भरली. नानाजींनी वही उघडली, पेनाचे टोपण काढले. "ठराव बदलायचा तर नवा ठराव पाहिजे. सूचक?"

केशव बोलायला तोंड उघडणार तोच त्याच्या ध्यानात आले आणि तोंड तसेच राहिले. नवा ठराव, म्हणजे नवा सूचक; आणि चूल बदलण्याची सूचना मांडणाऱ्याने त्या चुलीवर रांधणे, हाच भार. जो गॅस परत आणील त्याच्या गळ्यात गॅस.

"दादा, तुमी मांडा ना," तो म्हणाला.

मनोहरराव म्हणाले, "मी भाकर खातो गा, थापत नाही." आठवड्यातला त्यांचा हा दुसरा टोला.

"सिंधूताई?"

"मी तर सोमवारी पुलगावले चालली. राबन कोन? आन लुगड्याचं काय झालं रे?"

"जया..."

जया खिडकीतून कावळे मोजीत होती. उरली वच्छला. सात वर्षे ज्या जाळापुढे ती बसली, तो परत येण्याला तिच्या दोन शब्दांचाच काय तो अवकाश होता. ते शब्द अगदी ओठांवर आले होते. केशव हात जोडून म्हणाला, "वहिनी, तुमचाच गॅस आहे जी तो."

"हाव, माहाच आहे," वच्छला म्हणाली. "म्हनून तर कोनाच्या हाती जाते ते पाहून राहिली."

बाहेरून तुळसाबाईने विचारले, "अजी, जेवन आज आहे का पुढच्या दसऱ्याले?"

केशवने डोळे मिटले. "सूचक," तो म्हणाला, "मी."

"अनुमोदक मी," जया खिडकीतूनच म्हणाली.

चौऱ्याण्णवावा ठराव एकमताने संमत झाला. नानाजींनी कुलूप काढले. सिलिंडर जागेवर आले, आणि काडी वच्छलेने ओढली, कारण काही हक्क वहीत लिहिलेले नसतात. निळा जाळ फुलला. तिने एक भाकर थापून, भाजून, जाळावर धरून केशवला दाखवली. दुसरी त्याच्याकडून थापून घेतली. तिसरीच्या वेळी ती तेथे नव्हती. विजेची शेगडी कोठीच्या खोलीत गेली. तिच्या भट्टीत नानाजींनी लाल वही ठेवली, लोखंडाला वाळवी लागत नाही म्हणून.

दसऱ्याच्या सकाळी अंगणात चपलांचा ढीग उपसला जात होता. सिंधूताई आपल्या जुन्याच पांढऱ्या लुगड्यात चपला शोधीत होत्या. सवयीने त्यांनी मान वळवून तोंड उघडले, "वहिनी, येता..."

वच्छला केव्हाची पांढरे लुगडे नेसून फाटकात उभी होती. "चला ना ताई. किती उशीर करून राहिल्या!"

गल्लीतून माणसांचा लोट वाहत होता, निळे झेंडे, काखेत पोरे, डोक्यावर गाठोडी. ती त्यात पाऊल टाकणार तोच मागून, गॅसपुढून, केशवची आर्त हाक आली.

"वहिनी! त्रेचाळीस मानसांच्या वरनाले मीठ किती टाकू जी?"

वच्छलेने मागे पाहिले नाही.

"मले काय विचारता भाऊजी?" चालता चालताच ती म्हणाली. "ठराव मांडा!"